बुवांच्या डाव्या हाताला

माझा धाकटा भाऊ रघुनाथ म्हणजे तिरुनीलक्कुडीच्या शामसुंदर भागवतरांचा झीलकरी. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी पाय पसरून बसणार नाही. कुंभकोणात पितळेचा हंडा घ्यायचा म्हटलं की लोक माझ्या दुकानात येतात, एकोजीचं दुकान कुठं म्हणून आंधळ्याला विचारलं तरी तो बोट दाखवील. मी शिकलो चौथीपर्यंत. पण माझ्या भावासारखा भाऊ मदुरेपर्यंत कुणाला नाही, हे सांगायला चौथी पुष्कळ झाली.

आमचे लोक तंजावरच्या दरबाराबरोबर इकडं आले आणि इकडचेच झाले. बाहेर तमिळ, घरात मराठी. एकदा पुण्याचा एक माणूस दुकानात आला होता, आमचं बोलणं ऐकून हसायला लागला. म्हणाला, तुम्ही पोथीतलं बोलता. मी म्हटलं, मग पाया पड.

तुमच्याकडं कीर्तनकार म्हणतात, आमच्याकडं भागवतर. शामसुंदर भागवतरांना आम्ही मराठी घरातले लोक बुवाच म्हणायचो. बुवा पदं मराठीत गायचे आणि गोष्ट तमिळमध्ये सांगायचे, आणि दोन्हीकडचे लोक एकाच जागी रडायचे. पायघोळ अंगरखा, हातात चिपळ्या, वरच्या सुराला किंचित फाटणारा आवाज, उभे राहिले की समोरच्या समईचा उजेड झाकून टाकायचे. त्यांच्या मागं, डाव्या हाताला, एका पावलावर आमचा रघु.

झील धरणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळत नाही. पुढचा माणूस अर्धी ओळ टाकतो, त्याचा श्वास संपतो, तिथं मागच्यानं ती उचलायची आणि पुरी करायची. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की गळा एकच आहे. रघु पोरवयात बुवांच्या मागं उभा राहिला तो त्याचे केस पांढरे व्हायला लागले तरी तिथंच होता. इतक्या वर्षांत त्यानं एकही ओळ स्वतः सुरू केली नाही. ते त्याचं काम नव्हतं. त्याचं काम ओळ काठाला लावायचं.

एक्कावन्न सालची रामनवमी. आमच्या भजनमठात बुवांचं कीर्तन होतं. आख्यान त्यांनी स्वतः रचलेलं, नावाड्याचं. कावेरीला पूर आलाय, पलीकडं जायला कुणी होडी घालत नाही, आणि एक म्हातारा अनोळखी पाहुणा येऊन म्हणतो, मला सोड पलीकडं. नावाडी होडी घालतो. मध्यावर वल्हं हातातून सुटतं. हे आख्यान मी वीस वेळा ऐकलं असेल, वीस वेळा इथं शेजाऱ्याचा दंड पकडला.

पूर्वरंग झाला, बुवांना हार घातला, बुक्का लावला. आख्यान सुरू झालं. होडी मध्यावर आली. बुवांनी ओळ टाकली, “वल्हं गेलं वाहून…” आणि मागून रघुनं डोळे मिटून ती पुरी केली, “हात आता वल्हं.” मग तो पुढच्या ओळीची वाट बघत उभा राहिला. ओळ येईना. मृदंग थांबला. रघुनं डोळे उघडले तर समोर सगळा मठ उजेडानं भरलेला. उजेड झाकणारा माणूस खाली पडला होता.

आमच्याकडं एक नियम आहे. कीर्तनात गळ्यात हार पडला की आख्यान मध्ये सोडायचं नाही. ताप येवो, मांडवावर वीज पडो. गोष्ट शेवटाला न्यायची, समाप्तीचं मंगळ म्हणायचं, मगच हार उतरायचा. बुवांचा हार उतरला नाही. तसाच त्यांच्याबरोबर चितेवर गेला. बुवांना ना बायको राहिली होती ना मूल, अग्नी रघुनंच दिला.

पुढं काही महिने रघुला काय झालंय ते आम्हाला कळलं नाही. दुसऱ्या एका भागवतरांनी रघुला मागं उभं राहायला बोलावलं. तो एकदाच गेला. भागवतरांनी ओळ टाकली की हा गप्प, आणि ते गप्प झाले की हा भलतीच ओळ पुरी करायचा. घरी आला. मी म्हटलं, माझं दुकान काय कुणा परक्याचं आहे? ये. भांडी मांडायला, घासायला, गिऱ्हाइकाला दाखवायला लागला.

एक दिवस त्याची बायको पंकजा माझ्याकडं आली. ती तशी माझ्यासमोर कमी बोलणारी. दारात उभी राहून म्हणाली, “भावोजी, तुमच्या भावाला माझं बोलणं पुरं करायची सवय लागलीय. मी आपली म्हणते, ‘कढीपत्ता आणायला…’ आणि हे आतून सूर लावून, ‘जायला हवं’.”

मी हसलो. म्हटलं, “नशीब समज. माझी बायको माझं बोलणं सुरूच होऊ देत नाही.”

ती हसली नाही. “ते चालेल हो. पण काल मी काहीच बोलले नव्हते. घरात दुसरं कुणी नव्हतं. दुपारची वेळ, मी तांदूळ निवडत होते. आणि हे भिंतीकडं बघत म्हणाले, ‘हात आता वल्हं’.”

मग मीही बघायला लागलो. रघु रस्त्यानं चालायचा तो उजवीकडं पुढं एका माणसाची जागा सोडून. कावेरीच्या पायऱ्या उतरतानाही तसंच. गर्दीत कुणी त्या जागेत घुसलं तर हा थांबायचा, तो माणूस बाजूला होईपर्यंत. पानावर बसला की पहिला घास घ्यायचा नाही. भात निवून जायचा. पंकजा म्हणायची, “जेवा की,” आणि हा मान वर करून बघायचा, ते दुसऱ्या कुणाला तरी म्हटलं असावं तसा.

दुकानात गिऱ्हाईक नसताना मी त्याला सरळ विचारलं. मी आडवळणानं विचारणारा माणूस नव्हे.

“रघु, तुला ते दिसतात का?”

“दिसायला काय, अण्णा? त्यांची पाठ मी रोजच बघत आलो.”

“काय करतात?”

“उभे आहेत. श्वास घेतलाय.” थोडा वेळ तो हातातला तांब्या पुसत राहिला. “सोडत नाहीत.”

दिवसाढवळ्या, रस्त्यावर बैलगाड्या चाललेल्या, समोर कॉफी क्लबात लोक पितळेच्या वाट्यांत कॉफी ओतताहेत, आणि मी त्याच्या उजवीकडून उठून गल्ल्यामागं जाऊन बसलो.

“अरे मग तू पुरं कर की! सगळं आख्यान तुला पाठ आहे. मठात जा, होडी काठाला लाव, मंगळ म्हण, संपलं. माणूस सुटेल.”

“पुढं कसा उभा राहू?” तो म्हणाला. “जागा रिकामी आहे का?”

एवढंच त्याला हवं होतं, दुसरं काही नाही. त्या आख्यानाचं मंगळ व्हावं आणि बुवांनी तो श्वास सोडावा. आणि ते त्याच्या हातून होत नव्हतं.

पंचावन्न साली मद्रासहून एक मोटार आली. त्या काळात साधुसंतांवर, गवयांवर, मोठ्या माणसांवर चित्रपट काढायची लाट आली होती. मोटारीतून नटराज नावाचा माणूस उतरला, काळा चष्मा, पांढरे बूट. शामसुंदर भागवतरांच्या आयुष्यावर चित्रपट काढायचं चाललंय म्हणाला. तिरुनीलक्कुडीला जाऊन आला होता, तिथं लोकांनी माझ्या दुकानाचं नाव सांगितलं. सांगणारच.

“तुम्हीच का त्यांच्या मागं गायचे?”

“मी त्याचा थोरला भाऊ,” मी म्हटलं. “बसा. कॉफी मागवतो. आधी माझ्याशी बोला.”

नटराजला बुवांचा भाग करणाऱ्या नटाला शिकवायला माणूस हवा होता. बुवा उभे कसे राहायचे, रडायचे कसे, चिपळ्या कशा धरायचे. चित्रपट अजून कागदावरच होता, पैसा घालणाऱ्या चेट्टियारांना आधी नट सजवून, फोटो काढून दाखवायचे होते. मी रघुला हाक मारली. तो मागून भांड्यांतून आला, सगळं ऐकलं, आणि एकच गोष्ट विचारली.

“शेवटचं कीर्तन दाखवणार?”

“ते तर हवंच,” नटराज म्हणाला.

“मंगळापर्यंत?”

“अय्या, मंगळ नाही म्हटलं तर लोक चित्रपटगृहातून उठतील का?”

“तुमचा माणूस बुवांच्या जागी उभा राहून मंगळ म्हणणार असेल,” रघु म्हणाला, “तर मी शिकवतो.”

नटराजनं त्याच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. माझ्यासमोर दिला.

नटाचं नाव वैद्यनाथ. नाटक कंपनीतला, गोल चेहऱ्याचा, खाण्याचा शौकीन, स्वभावानं गोड. महामखम तळ्याजवळ एका खानावळीत उतरला आणि रोज सकाळी मठात यायचा. रघुचं शिकवणं बघून नटराज पहिल्याच दिवशी वैतागला. रघु पुढं होऊन काही करून दाखवीना. वैद्यनाथला उभा करायचा, आपण त्याच्या मागं डाव्या हाताला जायचा, आणि तिथून सांगायचा. खांदा खाली. मान इकडं. आता श्वास. आता उजवी टाच.

“अहो, रडताना चेहरा कसा व्हायचा ते दाखवा,” नटराज म्हणाला.

“चेहरा मला ठाऊक नाही,” रघु म्हणाला. “मी मागं असायचो. रडताना कान लाल व्हायचे आणि मानेचा खळगा भरून यायचा. तेवढं सांगतो.”

वैद्यनाथ म्हणाला, “कान लाल कसे करू हो? मिरची खाऊ?”

“खा,” मी म्हटलं, “आणि डोळ्यांत पाणी फुकट मिळेल.”

हसलो सगळे. पण मी रोज दुकान बायकोवर सोडून मठात जात होतो, सुरपेटीचा भाता धरायला, आणि मी बसायचो मागं. हळूहळू ते हसू ओसरलं. समोरून बघितलं तर वैद्यनाथ वैद्यनाथच होता, नाटकातला गोल चेहरा. मागून बघितलं तर बुवा उभे होते. तोच उजवा खांदा झुकलेला, तीच मान. एका सकाळी मठातली झाडलोट करणारी म्हातारी सुंदरी मागच्या दारानं आत आली, तिनं ती पाठ बघितली आणि केरसुणी टाकून तिथंच जमिनीवर डोकं टेकलं. वैद्यनाथ वळला, “काय झालं आजी?” म्हणाला, तशी ती किंचाळली. तिला त्या पाठीला हा चेहरा नको होता.

त्या दिवसापासून वैद्यनाथ खानावळीत जेवेना. मला म्हणाला, “एकोजी अण्णा, तुमचा भाऊ मागं उभा राहिला की माझ्या मानेवर कुणीतरी बघतंय असं वाटतं. म्हणजे तो बघतोच. पण त्याच्याशिवाय आणखी कुणी.” मी त्याला घरी जेवायला नेलं. पंकजानं दोघांना पानं वाढली. वैद्यनाथनं पहिला घास घेतल्याबरोबर रघु जेवायला लागला. पंकजानं माझ्याकडं बघितलं. किती दिवसांनी तो गरम भात जेवत होता.

मी मनात म्हटलं, जमतंय. हा माणूस ती जागा घेतोय.

फोटोचा दिवस ठरला. मठात कागदी फुलांच्या माळा लावल्या होत्या, दोन मोठे दिवे आणले होते. हार पण त्यांनी कागदाचा आणला होता. माझ्या भावाच्या बुवांना कागदाचा हार? मी पहाटेच बाजारात जाऊन मोगऱ्याचा ताजा हार करून आणला होता, मनगटाएवढा जाड. पूर्वरंगाची पदं झाली, मी भाता खाली ठेवला, उठलो, आणि वैद्यनाथच्या गळ्यात तो हार घातला. सगळा मठ मोगऱ्यानं भरला.

रघु पांढरा पडला. “अण्णा, खरा हार घातलास?”

“मग काय खोटा घालू?”

“आता मध्ये थांबता येणार नाही.”

“थांबायचंय कुणाला?” मी म्हटलं. “मंगळ होणार आहे आज.”

नटराजनं चष्मा काढून पुसला, एवढं मी बघितलं.

आख्यान सुरू झालं. वैद्यनाथ खरंच चांगला नट. पाहुणा आला, होडी निघाली, पूर चढला. फोटोवाला इकडून तिकडं पळत होता. होडी मध्यावर आली. वैद्यनाथनं हात पसरले, “वल्हं गेलं वाहून…” रघुनं डोळे मिटले, “हात आता वल्हं.” आणि वैद्यनाथ कोसळला. जसे बुवा कोसळले तसा, उजव्या अंगावर. त्याला पडायचं होतं हे आम्हाला ठाऊक होतं, तरी बघायला आलेल्या बायकांच्यातून एक हुंदका आला.

आता त्यानं उठायचं होतं आणि पुढचं म्हणायचं होतं. तसं ठरलं होतं.

नटराजनं टाळी वाजवली. “बस! इथंच. इथंच चित्रपट संपेल. होडी मध्यावर, भागवतर देवाच्या पायाशी. लोक रडत घरी जातील.”

“मंगळ?” रघुनं विचारलं.

“अय्या, मंगळ म्हटलं तर हे रडणं वाया जाईल. चेट्टियारांना असंच हवंय. मी मद्रासला त्यांच्याशी बोललो.”

“तुम्ही शब्द दिला होता.”

“चित्रपटाचा शेवट शब्दावर ठरत नाही हो. दिवे बंद करा रे.”

मी उठणार होतो. माझा हात कसा आहे ते कुंभकोणाला ठाऊक आहे. पण रघुकडं बघितलं आणि बसलो. तो नटराजकडं बघतच नव्हता. तो पुढं बघत होता, वैद्यनाथ पडल्यावर उघड्या झालेल्या त्या जागेकडं. मोठे दिवे विझले होते, समई राहिली होती. तिचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता. तो वाट बघत होता. मी त्याचा भाऊ आहे, मला कळलं. त्याला वाटत होतं ओळ येईल. मोगऱ्याची एक कळी हारातून सुटून जमिनीवर पडली.

खाली पडलेल्या वैद्यनाथनं डोळे उघडले नाहीत. पडल्यापडल्या त्यानं गळ्यातला हार वर उचलून डोक्यावरून काढला आणि हात लांब केला.

“घ्या,” तो म्हणाला. “माझ्याच्यानं नाही व्हायचं पुढचं.”

रघु एक पाऊल पुढं आला. सगळ्या आयुष्यात त्यानं न टाकलेलं ते पाऊल. हार घेतला, गळ्यात घातला. चिपळ्या उचलल्या. मी भाता ओढला, पहिला सूर तुटला हे मी कबूल करतो, आणि मी सहसा काही कबूल करत नाही.

रघुनं ओळ सुरू केली. “काठ कुठं दिसेना…” त्याचा आवाज मी त्याच्या जन्मापासून ऐकला होता, पण ओळीच्या सुरुवातीला कधी ऐकला नव्हता. कोवळा लागला, एखाद्या नव्या माणसाचा असावा तसा. अर्धी ओळ झाली. त्याचा श्वास संपला.

माझ्या आणि मृदंगाच्या मध्ये रघुची जागा होती. तिथं आता कुणी नव्हतं. तिथून ती ओळ पुरी झाली. “पाय टेकले वाळूला.” भारदस्त आवाज, वरच्या सुराला किंचित फाटणारा. वैद्यनाथला ते फाटणं कधीच जमलं नव्हतं.

मी मान वळवली नाही. भाता ओढत राहिलो. रघुनंही मागं बघितलं नाही. ओळ टाकत गेला आणि मागून ती काठाला लागत गेली. होडी लागली, नावाडी उतरला, पाहुणा कुणीच नव्हता, वाळूवर फक्त ओली पावलं. मग मंगळ. मंगळाची पहिली ओळ रघुनं म्हटली, दुसरी मागून आली, आणि तिसऱ्याला मागं कुणी आलं नाही. त्याची त्यानंच म्हटली. कापूर लावला, हार उतरवून मठातल्या विठोबाच्या पायावर ठेवला.

नटराज म्हणाला वैद्यनाथनं म्हटलं असेल खालून. मी वैद्यनाथला विचारलं. तो भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, “एकोजी अण्णा, मी मेलो होतो हो. मेलेला माणूस गातो का?” मग स्वतःच काय बोललो ते ऐकून त्यानं आपली नाडी चाचपली.

त्या चित्रपटाचं पुढं काही झालं नाही. वर्षभर कागदावर होता, मग चेट्टियारांनी दुसऱ्या कुणावर काढायचं ठरवलं. वैद्यनाथ पोंगलला मला पत्र घालतो.

रघु आता रस्त्याच्या मधून चालतो. पहिला घास स्वतः घेतो. पंकजाचं बोलणं तिला पुरं करू देतो, तर ती म्हणते आता घर फार मोठं वाटतं. कधी कधी दुकानात तो तांब्या हातात घेऊन बसतो, डोकं थोडं डावीकडं कलवतो, ऐकायला बसल्यासारखा. काही येत नाही. मग तांब्या ठेवतो.

गेल्या रामनवमीला मठातले लोक आले. म्हणाले, रघुनाथला सांगा, कीर्तन त्यानं करावं, पुढं उभं राहून. मला केवढा आनंद झाला. मी त्याला बोलावलं आणि सांगितलं.

तो म्हणाला, “नको, अण्णा. मागं कोण उभं राहणार?”

“वेडा आहेस का? रांग लागेल तुझ्यामागं. तू कुणाचा भाऊ आहेस!”

“त्या जागेवर एकदा ते उभे राहिले,” तो म्हणाला. “आता तिथं दुसऱ्या कुणाला उभं करू?”

मी बाहेर येऊन मठातल्या लोकांना सांगितलं, येणार नाही. का, म्हणाले. मी सांगितलं, माझ्या भावाच्या तोलाचा झीलकरी आता उरला नाही.

ते हसले. एकोजीची बढाई, म्हणाले. म्हणू देत.